उभ्या गाडीचा कंडक्टर

सुपडाला गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यानं स्वतः ते कधी कोणाला सांगितलं नाही. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली, चिखली-खामगाव रस्त्यावरचा एकेक खड्डा त्याच्या ओळखीचा, पण स्टेअरिंगला त्याचा हात कधी लागला नाही. कोणी छेडलं तर म्हणे, "समोरचा निस्ता समोर पाह्यते बे. गाडी तं मागच्या घंटीवर चालते."

तो माझा शेजारी. उंद्रीत आमच्या दोघांच्या घरांना एकच भिंत. त्याची बायको फार आधी गेलेली, पोरगी मेहकरला दिलेली, घरात तो एकटा. मी चौथी शिकलेला ट्रॅक्टरवाला माणूस, मला सजवून लिहिता येत नाही. जसं आठवतं तसं लिहितो.

रिटायर होऊन त्याला बरीच वर्षं झाली, पण तो काही गाडीतून खाली आला नाही. बॅगेच्या पट्ट्यानं एक खांदा खाली गेला होता, तो तसाच राहिला. पंगतीत बसणं त्याला जमत नसे. ताट हातात घेऊन उभ्यानं जेवे, आणि पाय असे फाकवून उभा राही की जसं काही गावच हलून राहिलं आहे. देवळात कीर्तनाला गेला की बसलेल्या लोकांना मागून ढोसायचा, "पुढं सरका, पुढं लई जागा हाये." एकदा इतकं सरकवलं की कीर्तनकार महाराजच बिचारे खांबाला टेकले. स्वतःच्या पोरीच्या लग्नात मांडवात गर्दी झाली, तेव्हा यानं वराकडच्या माणसांना दारात अडवलं आणि सांगितलं, "फुल्ल झाली. मागून दुसरी येऊन राह्यली, तिच्यात बसा." ते सोयरे अजून ती गोष्ट विसरलेले नाहीत.

आता गाडीचं सांगतो. माझा पोरगा गजू दुबईला एसीच्या कामावर गेला, तेव्हा आपली पांढरी गाडी आमच्या गोठ्यात लावून गेला. म्हशी आम्ही विकल्या होत्या, गोठा रिकामाच होता. आमच्या बुढीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हशी गेल्याचं फार लागलं होतं. ती सकाळी उठून त्या गाडीवरूनच हात फिरवून यायची. मी हसायचो. ती म्हणायची, "दारात उभी हाये तं आपलीच झाली न."

म्हशीला चारा टाकला की झालं. गाडीचं तसं नव्हतं. ती नुसती उभी राहिली तरी बॅटरी बसायची. मग मी ट्रॅक्टर गोठ्याशी आणायचो, दोन्ही बॅटऱ्यांना वायरी लावायचो, गाडी सुरू करायचो, थोडी घुरघुर करू द्यायचो आणि बंद करायचो. काही दिवसांनी पुन्हा चावी फिरवली की नुसतं टकटक. सुपडा हे सारं गोठ्याच्या दारात उभा राहून बघायचा. दारात उभं राहायची त्याला जन्माची सवय.

गजूचा फोन आला की आधी गाडीची चौकशी, मग आईची, मग माझी. एकदा मी त्याला सांगितलं की बॅटरी पुन्हा उतरली. सुपडा शेजारीच होता. तो लगेच म्हणाला, "कुठी उतरली? तिकीट कुठवरचं होतं तिचं?"

त्यानंतर गजूचा फोन आला तेव्हा मी वावरात होतो. घरी फोन उचलला सुपडानं. रेंज तुटत होती. गजूनं सांगितलं, गाडी फार दिवस उभी राहणार आहे, बॅटरी उतरवून ठेवा. म्हणजे काढून घरात ठेवा. सुपडानं फोन ठेवला आणि बुढीला निरोप दिला, "वहिनी, गजू म्हणते, बॅटरी उतरवा लागते."

आता आमच्या बुढीनं आयुष्यात एकच गोष्ट उतरवली होती, ती म्हणजे नजर. गजूची उतरवली, माझी उतरवली, म्हशींची तर दर अमावस्येला उतरवली. तिला पटलंच ते. नवी पांढरी गाडी, रस्त्यावरून येणारा-जाणारा बघतो, बॅटरी का नाही बसणार? तिनं मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या. सुपडाला बोनेट उघडायला लावलं. मूठ सात वेळा फिरवली आणि सारं नेऊन चुलीत टाकलं. आमच्याकडे असं मानतात की मिरच्यांचा ठसका लागला नाही तर नजर होती. सुपडाला असा ठसका लागला की तो खोकत खोकत माझ्या अंगणातून त्याच्या अंगणात गेला आणि तिकडून ओरडला, "वहिनी, नजर नव्हती. दुसरंच काई हाये."

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा गजूचा फोन चालू होता आणि बुढीनं तो मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"उतरवली का माय बॅटरी?"

"उतरवली न बाप्पा. सुपडाभाऊजीच्या समोर उतरवली."

"मंग कुठी ठेवली?"

"ठेवाची काय असते त्यात? चुलीत टाकली."

मग गजू हळू आवाजात म्हणाला, "बाबाले फोन दे." मी घेतला. तो म्हणाला, "बाबा, सारे जण आधी चुलीपासून दूर व्हा. मंग बोलू."

खरा प्रकार कळल्यावर आम्ही बॅटरी खरोखर काढली. तेव्हा सुपडानं नवा शोध लावला. बॅटरी फरशीवर ठेवली तर तिची ताकद जमिनीत जाते म्हणे. कोणी सांगितलं विचारलं तर डेपोत सारेच म्हणायचे म्हणाला. स्वतःच्या घरून जेवायचा पाट घेऊन आला. बुढीनं पाटाखाली दोन रेघा रांगोळी काढली. आठ दिवस आमच्या ओसरीवर ती काळी बॅटरी जावयासारखी पाटावर बसून होती आणि आम्ही तिला वळसा घालून आतबाहेर करत होतो.

मग एक दिवस बुढीच म्हणाली की बॅटरी लावून टाका, गोठ्यात सुनं सुनं वाटतं. मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही, पण बाईमाणसाच्या बोलण्याचा अर्थ लावत बसलो असतो तर शेती कधी केली असती? चिखलीला नेऊन चार्ज करून आणली, लावली. आणि आठवडा गेला नाही तोच पुन्हा बसली.

एका दुपारी वावरातली मोटर बिघडली म्हणून मी लवकर परतलो. घरात कोणी नाही. गोठ्यातून गाण्याचा आवाज. जाऊन पाहतो तर बुढी गाडीत पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली, मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. रेडिओ चालू, गार हवेचा पंखा चालू. मागच्या सीटवर सुपडा, हातात शेंगांचा पुडा. बुढी डाळ निवडत होती, सुपडा फोलपटं खिशात टाकत होता, आणि दोघांचं ध्यान गाण्यात. महिनोन्महिने बॅटरी कोण खात होतं ते कळलं.

मी दार उघडून विचारलं, "कुठी चालली गाडी?"

बुढीनं रेडिओ बारीक केला. सुपडा न हसता म्हणाला, "अमडापूरले लागली हाये. अजून टाइम हाये सुटाले. बस मागं."

मी दोघांना भरपूर शिव्या घातल्या. बुढी नंतर म्हणाली की तिला त्या सीटवर बसून फार बरं वाटतं, पाठ दुखत नाही. जन्मभर पाटावर नाही तर जमिनीवर बसलेली बाई. मी काय बोलणार? दर काही दिवसांनी ट्रॅक्टर आणून वायरी लावत राहिलो.

पुढं बुढी आजारी पडली आणि गेली. आजाराचं मी लिहीत नाही. लिहून ती काही परत येत नाही.

दहाव्याला लोक जमले होते. जो तो येऊन तेच ते बोलत होता, देवाची मर्जी आणि काय काय. सुपडा माझ्याजवळ येऊन उभा राहिला, बसला नाही. मग म्हणाला, "वहिनीचा स्टॉप आला, त्या उतरल्या. आपला आला नाही."

मला इतका राग आला की मी त्याला मारायचंच बाकी ठेवलं. सुतकात बसलेल्या माणसाशी असं बोलतात? पुढे कित्येक दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक मारायचा, "नामदेव, उठला का बे?" मी उत्तर द्यायचो नाही. तो म्हणायचा, "उठला," आणि आपल्या कामाला लागायचा.

मी तेव्हा घराबाहेरच पडत नव्हतो. वावर बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलं, ट्रॅक्टर विकला. गाडीवर ताडपत्री टाकली आणि बोनेट उघडून बॅटरीची काळी वायर काढून ठेवली. हे गजूनंच सांगितलं होतं. काळी वायर काढली की बॅटरी हळूहळू झिजत नाही, उभी गाडी पुष्कळ दिवस नीट राहते. मला ते काम आवडलं. एकदा वायर काढली की गोठ्यात जायचं कारण नाही. त्या सीटकडे बघायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वायर जोडलेली. मी पुन्हा काढली. पुन्हा जोडलेली. गोठ्याला दार आहे पण कडी नाही, आणि शेजाऱ्याला लाज नाही. शेवटी मी त्याला पकडला. तोंडात टॉर्च धरून बोनेटमध्ये वाकला होता, बॅटरीच्या टोकांना आलेलं पांढरं बुरशीसारखं गरम पाण्यानं धूत होता. मी विचारलं, काऊन लावतो वायर? तो म्हणाला की डेपोत जमा केलेली गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांच्यात फरक असतो. मी म्हटलं, माझी गाडी आहे, मी जमा करीन नाही तर जाळीन. तो म्हणाला, "गजूची हाये. अन् गजूले मी शब्द देऊन बसलो."

शब्द काय दिला होता ते मग कळलं. गजूनं ठरवलं होतं की दिवाळीला आल्यावर गाडी विकून टाकायची, बाबा काही चालवत नाहीत, उभी राहून सडते. सुपडानं त्याला परस्पर सांगितलं की तू येशील तेव्हा पहिल्या चावीला सुरू नाही झाली तर वीक, आम्ही एक शब्द बोलणार नाही. सुरू झाली तर ठेवायची. मी म्हटलं, विकली तर बरंच. पण ते म्हणताना माझी नजर सीटवर गेली. सुपात न मावलेले डाळीचे दोन-चार दाणे अजून तिथे फटीत होते. मी चावी आणायला घरात गेलो.

गाडी काही सुरू झाली नाही. ट्रॅक्टर तर विकलेला. गल्लीतली पोरं बोलावून ढकलत रस्त्यावर आणली तेव्हा फटकन लागली. तशीच चिखलीला नेली, तिथं बॅटरीच्या दुकानवाल्यानं सांगितलं की जागेवर सुरू करून बंद केलं की भरते कमी आणि खर्च होते जास्त, गाडी रस्त्यावर चांगला अर्धा तास पळाली पाहिजे. आम्ही इतके दिवस उलटंच करत होतो. सुपडानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. म्हणाला, "घंटी द्याची अन् गाडी जाग्यावरच ठेवाची. प्रवासी शिव्याच देईन न बे."

तेव्हापासून दर मंगळवारी आमची उंद्री-अमडापूर फेरी सुरू झाली. मी चालवायचो, तो मागं बसायचा. पुढं ये म्हटलं तर आला नाही. मागूनच टपावर दोन टोले मारायचा, तेव्हा निघायचं. एक टोला, थांबायचं. त्याचा टोला यायच्या आधी मी गिअर टाकला तर गाडी सोडून खाली उतरायचा आणि मला परत मागं घ्यायला लावायचा. रस्त्यात म्हाताऱ्या बाया हात दाखवायच्या, तो दार उघडायचा, "या माय, सरका पुढं, पुढं सरका." मागच्या सीटवर पुढं सरकायला असतं काय? तरी सरकायच्या. एवढ्या गर्दीतही माझ्याशेजारची सीट रिकामी. एकदा एका जाड्या पाहुण्यानं पुढचं दार उघडलं तर सुपडा मागून कडकला, "ते शीट रिझर्व्ह हाये. महिलांसाठी." पाहुण्याच्या सोबतची बायको लगेच पुढं झाली. तर हा म्हणे, "त्या शीटची बाई येऊन राह्यली." मी समोर बघत होतो. समोर बघणंच माझं काम होतं.

अमडापूरला आम्ही चहा घ्यायचो. पहिल्या फेऱ्यांना मी गाडीतच बसून राहायचो, तो चहा काचेतून आत द्यायचा. मग एकदा दिलाच नाही. टपरीवाल्याला सांगून ठेवलं की समोरच्याला गाडीत चहा देऊ नको, सीट खराब होते. मी चिडून खाली उतरलो. तिथं माझ्या ओळखीचे चार जण निघाले. सोयाबीनचं कसं, गुडघ्याचं कसं, गजूचं कसं, असं बोलत बसलो. सुपडा लांब उभा राहून शेंगा खात होता. निघायच्या वेळेला टपावर टोले मारमारून त्यानं मला बोलावलं.

दिवाळीला गजू आला. अंगणात पाय ठेवून त्यानं चावी घेतली, गोठ्यात गेला, आणि गाडी अर्ध्या चावीला सुरू झाली. सुपडा दारात असा उभा होता की मुंजीतला बापही तसा उभा राहात नसेल. पण आमच्या दोघांच्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. सुपडाशी ठरलेलं गजूनं हसण्यावारी नेलं होतं; गाडी इतकी फक्कड चालते हे पाहून त्यानं चिखलीचा एक गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी बोलावला. बंद गाडीला कोण विचारतो? चालू गाडीला सारेच विचारतात. सुपडा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पोरगी आपण चांगली वाढवली, अन् हे पाहाले आले."

गिऱ्हाईक भला माणूस होता. त्यानं बोनेट उघडलं, बॅटरी पाहून म्हणाला, एवढी उभी गाडी आणि बॅटरी नव्यासारखी, कोणी सांभाळली? मग पुढचं दार उघडून बसायला गेला. सुपडा म्हणाला, "तिथं नका बसू. रिझर्व्ह हाये."

गिऱ्हाईक हसला. गजू हसला नाही. तो त्या सीटकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "ठीक हाये बाबा, नाही विकत. पण मंग दर आठवड्याले फिरवाची काय गरज? या वयात रस्त्यावर कायले? वायर काढून ठेवा, बॅटरीले काहीच होत नाही."

पोरगा खरं बोलत होता. सुपडा दारातून पुढं आला.

"गजू, वायर काढली तं बॅटरी राहीन चांगली," तो म्हणाला. "मी पाह्यलं ते. तुह्या बापानं काढली होती. बॅटरी चांगली राह्यली, बाप बसला. त्याले ढकलाले मले लई दिवस लागले. आता तो चालू राह्यला तं राहू दे."

गिऱ्हाईकाला चहा पाजून परत पाठवलं. गजू सुटी संपेपर्यंत दर मंगळवारी मागच्या सीटवर सुपडाशेजारी बसून अमडापूरला आला. सुपडानं त्यालाही पुढं सरकवलं.

मागच्या पावसाळ्यात सुपडाची छाती धरली. मेहकरची पोरगी आली आणि त्याला बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तेव्हा मला कळलं नाही, मी अंघोळीला होतो; मागून गल्लीतल्या पोरांनी सांगितलं. मंगळवार आला. मी चावी घेऊन गोठ्यात उभा राहिलो. मागं कोणी नाही. कोणी टोला देईना. शेवटी गाडीत बसलो आणि आपला आपणच गिअर टाकला. अमडापूर गेलं, चिखली गेली. चिखलीच्या पुढं मी कधी गाडी नेली नव्हती. चढावर घाम फुटला. रस्त्यात एक बाई लेकरू घेऊन उभी होती, तिनं हात केला. मी थांबलो आणि तिला म्हटलं, बस पुढं.

सुपडाच्या नाकात नळी होती. पोरगी म्हणाली, बोलू नका, डॉक्टरांनी मना केलं आहे. त्यानं डोळे उघडले.

"कायमधी आला?"

"गाडी घेऊन."

"सोबत कोण?"

"कोणी नाही. चिखलीहून एक बाई बसली होती, लेकरू होतं तिच्याजवळ."

"कुठी बसवली?"

"पुढं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. मग नळी सरकवून म्हणाला, "बरं केलं." आणि वर छताकडे बघत पडून राहिला. मी मोसंब्या आणल्या होत्या त्या खाटेखाली ठेवल्या. नर्सनं वेळ संपली म्हणून सांगितलं.

त्याच आठवड्यात तो गेला. पण मला तो दिसतो तो त्या दिवशीचा, मी वॉर्डाच्या दारातून वळून पाहिलं तेव्हाचा. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं त्याला विचारलं असावं की कोण आलं होतं. पोरगी त्याला दाबून झोपवत होती आणि हा कोपरावर उठून त्या म्हाताऱ्याला सांगत होता, "माह्या गाडीवरचा ड्रायव्हर हाये तो. आज एकटा घेऊन आला."